गिरणीच्या नाण्यावरची बाई

प्रिय लेकी लेटीस,

बर्मिंगहॅमवर यंदा इतका धूर साचलाय की दिवस उजाडल्याचं मला घणांच्या आवाजावरूनच कळतं. त्या धुरात कुणीही चालत आलं की क्षणभर तूच वाटतेस.

तू त्या खलाशाबरोबर निघून गेलीस आणि तुझ्या बाबांनी घरात तुझं नाव घ्यायला बंदी केली. सरकारी सुट्टे पैसे तर तेव्हाही मिळत नव्हते. आता गिरणीमालक मजुरी द्यायला स्वतःचीच तांब्याची नाणी पाडून घेतात. तशाच एका सूतगिरणीच्या नाण्याचं काम बाबांकडे आलं. मालकाला नाण्यावर सूत कातणारी बाई हवी होती. बाबा खिडकीपाशी बसून कितीतरी दिवस ठसा कोरत होते. पहिलं नाणं पडलं, ते मी हातात घेतलं. अजून गरम होतं. तुझीच हनुवटी, कानामागून सुटलेली तुझीच बट!

“ही कोण हो?” मी विचारलं.

“कुणी नाही. चरख्यावरची बाई,” बाबा म्हणाले, आणि पाठ फिरवली.

मग तू गावभर झालीस. पाववाल्याच्या गल्ल्यात, दारूच्या गुत्त्यात, पोरांच्या मुठीत. बाजारात कुणी नाणं पुढे केलं की मी ते जरा जास्तच वेळ धरून ठेवायची. लोक हसायचे.

परवा एनॉक गाडीवान नाण्यांची पिंपं न्यायला आला. बाबांना म्हणाला, “काय मालक, तुमची ही चरखेवाली लिव्हरपूलला गोदीजवळ पाव विकते की! हुबेहूब! मी म्हटलंसुद्धा तिला, बाई, तू माझ्या खिशात आहेस. तर रडायलाच लागली.”

बाबांच्या हातातली छिन्नी थांबली. त्यांनी विचारलं, “एकटीच असते?”

“कडेवर पोर असतं. नवरा समुद्रात बुडाला म्हणतात.”

त्या रात्री ते जेवले नाहीत. सकाळी उठून कोट झटकला, बूट पुसले.

पोरी, हे पत्र एनॉकच्या भावाबरोबर पुढे धाडतेय, कारण सोमवारी बाबा त्याच्या गाडीत बसून तुझ्याकडे निघताहेत, असं एनॉकनंच मला सांगितलं. मला काही बोलले नाहीत, तुलाही बोलता येणार नाही त्यांना. इतर गिऱ्हाइकांसारखेच उभे राहतील आणि पाव मागतील. तू रागावू नकोस. पोर त्यांच्या हातात दे.

वाटेकडे डोळे लावून बसलेली,
तुझीच आई