डब्यानं आधी ओळखलं

१२ जानेवारी २०२५, नांदेड
पकडला! आमच्या डब्यानं पहिला हल्ला पकडला!

डबा म्हणजे मुरुडजवळच्या आमच्या गावी, टाकीवरच्या पंपाच्या खोलीत आम्ही बसवलेला छोटा संगणक. सगळे त्याला डबाच म्हणतात. सकाळी कुणीतरी पाण्यात क्लोरीन सोडायचा हुकूम दिला. लगेच परत. परत! डब्यानं ओळखलं — हा हात रोजचा नाही. पंप बंद, आधीची चांगली मांडणी आपोआप परत जागेवर, आणि पडद्यावर प्रश्न — परवलीचा शब्द? समोरच्याला आला नाही. डबा कुलूपबंद. गावाच्या पोटात वाईट पाण्याचा थेंब गेला नाही. माझ्यासोबत डबा बनवणाऱ्या अंबरीशनं ऑफिसात पेढे वाटले.

रोजचा हात म्हणजे अप्पांचा, माझ्या वडिलांचा. टाकी तेच सांभाळतात. वर्षभर त्यांचंच काम बघून डबा शिकला. शब्दही त्यांनीच ठेवला — ठकूबाई. लहानपणी मला तेच म्हणायचे. आम्हा दोघांशिवाय कुणाला ठाऊक नाही.

अप्पांना फोन केला. "हाव, हाव. मी नव्हतोच तिथं," म्हणाले.

१४ जानेवारी
संक्रांत. अप्पांचा फोन नाही. असं कधी होत नाही.

१६ जानेवारी
बाहेरून कुणी शिरलंच नाही! सगळं उलटंपालटं करून पाहिलं. हुकूम डब्याच्याच बटणांवरून आलेत. अंबरीश म्हणाला, "खोलीची किल्ली कुणाकडं असते?" मी असली भडकले — माझ्या बापाला चोर म्हणतोस? अख्खं ऑफिस बघत राहिलं.

१९ जानेवारी, गाव
आईनं स्वयंपाकघरात ओढून नेलं. "कुणाला बोलू नको माय. चहात साखर टाकतात, परत टाकतात, परत टाकतात. टाकलीच न्हाई म्हणतात."



चोर नाही, हल्ला नाही. अप्पा! क्लोरीन सोडलं, विसरले. परत सोडलं. आणि मी पेढे खाल्ले.

संध्याकाळी हळूच विचारलं, अप्पा, डब्याचा शब्द काय हो? हसले. "वा गं! गुपित हाय ते. तुला कसं सांगू?" मग कपाटातल्या जुन्या वह्या चाळत बसले.

२० जानेवारी
रडून रडून डोकं ठणकतंय. बिघडलं की डबा मागच्या चांगल्या स्थितीवर जातो — माझ्या हातचं काम, लई मिरवलं मी. अप्पांचं काय करू? त्यांना कुठून परत आणू? जळो ते शिक्षण!

अंबरीशचा फोन. "चुकलो मी." तो कुठं चुकला?

अप्पांचं नाव डब्यातून काढावं लागणार. अख्खं गाव ते पाणी पितं. आणि काढायचं मलाच.

२२ जानेवारी
काढलं. आता पंप शेजारचा वीरभद्र चालवेल. किल्ली मात्र अप्पांकडंच राहू दिली. करदोड्याला बांधलेली असते. मागायची हिंमत झाली नाही.

२३ जानेवारी
अप्पा सकाळीच टाकीवर निघून गेले. मी मागोमाग धावले. बंद डब्यासमोर उभे होते. मला पाहून स्टूल पुढं केलं.

"बसा बाई. डबा अडून बसलाय. आमची ठकूबाई नांदेडहून येऊन राहिली — तिला येतं सगळं."