मंगळवारची गैरहजेरी

सुंबरेजो, लांपुंग

प्रिय तुमिनी, तुला नि मुलाबाळांना तुझ्या दादाचे भरभरून आशीर्वाद.

मी ठणठणीत आहे. मुलगा नि सूनबाई हल्ली रबराच्या मळ्यावरच राहतात, त्यामुळे घर शांत असतं. जरा जास्तच.

इथे दर मंगळवारी गावच्या सभागृहात आम्हा म्हाताऱ्यांचं मंडळ जमतं. कवायत होते, नर्सबाई रक्तदाब बघतात, मग चहा. जो आला नाही, त्याच्या घरी सगळे विचारपूस करायला जातात. हे कळल्यावर परवा मी गेलोच नाही. अंगण झाडलं, चटया अंथरल्या आणि पांघरूण घेऊन पडलो.

आले गं सगळे! फणसाची भाजीही आणली. मी दोनदा खोकलो. शेजारच्या गिनावहिनी चटयांकडे बघत म्हणाल्या, "विर्योभावजी, आजारी माणसानं एवढी बैठक कुणासाठी हो घातली?"

सगळे हसले, मीही हसलो. पण उठलं कुणी नाही. दुपारपर्यंत बसले.

तुझे गुडघे कसे आहेत? आईच्या कबरीवर फुलं वाहतेस ना?

पुढच्या महिन्यात माझं पत्र आलं नाही, तर घाबरू नकोस. सरळ बोटीत बस नि ये.

तुझाच,
विर्योदादा