ठोंब्याला काय वाटतं

ता. १९ जानेवारी

चि. सूनबाईस,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं. आम्ही सगळे ठीक आहोत. माझा हात आता वरपर्यंत जातो, वरच्या फळीवरचे डबे माझी मी काढते. शिवणकाम बरं चाललंय. नवं कुणी फारसं शिवून घेत नाही, जुनंच सैल करून मागतात. सगळी गल्ली जाड झालीय की काय कोण जाणे.

तुला तळमजल्यावर अंगणासकट जागा मिळाली आणि घरमालकीणबाई जनावराला नाही म्हणत नाहीत, हे वाचून फार बरं वाटलं. मग खालची ओळ वाचली, 'आता ठोंब्याला न्यायला येते', आणि मशीन थांबवून तशीच बसले. तो अजून दारात बसतो का, मला विसरला तर नाही ना, असं विचारलंयस. दोन साधे प्रश्न. पण उत्तर लिहायला घेते आणि कागद चुरगाळते. फोन करावा तर माझा लेक घरात असतो, मोकळं बोलता येत नाही.

तू गेलीस तेव्हा तो दारातच बसायचा, हे खरं. नाक फटीला लावून. खाणं टाकलं. तुझी एक चप्पल राहिली होती, ती पोटाखाली घेऊन पडायचा. मला भडभडून यायचं. तू हे कुत्र्याचं पिल्लू खोक्यातून घरी आणलंस त्या दिवशी 'एक तर हा राहील नाहीतर मी' म्हणणारी बाई मीच ना! शेवटी उचलला आणि जनावरांच्या डॉक्टरांकडे नेला. म्हटलं, "डॉक्टर, यानं मनाला लावून घेतलंय." त्यांनी त्याचं पोट चाचपलं, पापण्या ओढून बघितल्या. म्हणाले, "असेलही. पण जंतही झालेत."

गोळी दिली. थोड्याच दिवसांत पठ्ठ्या वाडगं चाटूनपुसून साफ करायला लागला. चप्पल कोपऱ्यात तशीच पडून राहिली. आता तूच सांग, ते दुःख होतं की जंत? मी मुद्दाम पुन्हा जाऊन डॉक्टरांना विचारलं. ते हसून म्हणाले, "आजी, दोन्ही असू शकतं की." त्यांना हसायला काय झालं! मला तेव्हापासून काहीच कळेनासं झालंय. त्याच्या डोळ्यांत मी जे वाचत होते ते त्याचं होतं, की माझंच होतं आणि मी ते त्याच्या डोळ्यांत घालत होते?

हे जनावर पाळणं एकूणच मला नीट उमगलेलं नाही. गिऱ्हाइकाच्या काळ्या पँटला याचे पांढरे केस. बहिणीकडे राहायला जायचं तर याला कुठे ठेवायचं हा प्रश्न. पोस्टमन अजून फाटकाबाहेर उभा राहून ओरडतो, तुझं पत्रसुद्धा त्यानं आत फेकलं. पण भर दुपारी घरात कुणी नसतं, मी मशीनवर असते आणि खाली पायाशी ही ऊब असते. मी एकटीच बडबडते तेव्हा त्याचा एक कान हलतो. बरं, आपण त्याला पट्टा बांधायचा, दार लावून घ्यायचं आणि वर म्हणायचं की त्यानं आपल्याला जीव लावला. त्याला दुसरं काय करता आलं असतं?

विषय भरकटवतेय, कळतंय मला.

माझ्या खांद्याचे व्यायाम करून घ्यायला एक बाई येतात, हे तुला मागे लिहिलं होतं. आम्ही त्यांना खांदेवाली म्हणायचो. तर त्या येतात अजून. म्हणजे खांदा बरा झाला तरी येत राहिल्या. पहिल्या दिवशी ठोंब्या त्यांच्यावर असा गुरगुरला की मला, खरं सांगते, आतून बरं वाटलं. म्हटलं, आपला इमानी आहे. त्यांनी त्याला चुचकारलं नाही, खायला घातलं नाही, बघितलंदेखील नाही. माझा हात वर-खाली करत राहिल्या. काही खेपांनंतर बघते तर हा त्यांच्या पावलावर हनुवटी टेकून घोरतोय.

आणि हा, म्हणजे माझा लेक, त्या वेळेला नेमका घरी असायला लागला.

आता त्या इथेच राहतात. घे, लिहिलं एकदाचं. तुमचे फारकतीचे कागद झाल्यावरच हे सगळं झालं, त्याआधी काही नव्हतं, एवढं मी छातीवर हात ठेवून सांगते. 'मी तिला सांगेन' असं हा म्हणाला होता. सांगितलं नसणार. ओळखून आहे मी त्याला.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी कपाटातून तुझा निळा स्वेटर काढला, कोपराला मी ठिगळ लावलेला. म्हटलं, याची परीक्षाच घेऊ. त्याच्या नाकाशी धरला. त्यानं हुंगला. बराच वेळ हुंगला. शेपूट हलली, पण ती माझ्यासाठी की स्वेटरसाठी, सांगता येत नाही. मग दातात धरून थेट आतल्या खोलीत गेला आणि नेऊन ठेवला कुठे? त्यांच्या मांडीवर.

त्यांनी विचारलं, "हा कुणाचा, काकू?"

मी म्हटलं, "असाच. जुनं कापड आहे."

असाच! माझ्या तोंडून गेलं ते. त्यांनी कोपरावरचं ठिगळ बोटानं चाचपलं. स्वेटर नीट घडी करून माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "त्यांचा असेल तर पाठवून द्या. थंडी अजून गेली नाहीये." मला जमीन दुभंगावी असं झालं. ठोंब्याचा इतका राग आला की दिवसभर त्याच्याशी बोलले नाही. म्हटलं, ज्या पोरीनं तुला बाटलीनं दूध पाजलं तिचा वास तू दुसरीला नेऊन देतोस? लाज नाही वाटत?

संध्याकाळी भांडी आवरताना आठवलं. त्याच सकाळी मीच त्यांना हाक मारली होती, "ये गं, चहा गार होतोय." ये गं! जशी तुला मारायचे तशी. आणि मला त्या आवडतात गं. वाईट नाहीत. माझ्या लेकाला हसवतात. म्हणून तू मला कमी आवडायला लागलीस असं काही झालेलं नाही, पण हे कसं काय जमतं ते मला समजत नाही. तेव्हा त्या मुक्या जिवाला कोणत्या तोंडानं रागवायचं?

'तो तुला विसरला, इथे रमलाय, आता हलवू नकोस' असं एक पत्र लिहूनही झालं होतं. ते फाडलं. ते खोटं आहे की खरं, हे मलाच माहीत नाही. तू ये. तुझी तू बघ. तो धावत आला नाही तर लगेच रडू नकोस, आणि आला तर लगेच हुरळू नकोस. एवढंच.

तुझी,
आई


ता. १२ फेब्रुवारी

चि. सूनबाईस,

आशीर्वाद. नीट पोचलात हे कळलं. तो वाटेत गाडीत ओकला आणि मग तुझ्या मांडीवर झोपला, हेही कळलं.

तू फाटकात उभी राहिलीस आणि तो तुझ्यावर भुंकला, तेव्हा तुझ्याकडे बघवेना. मी त्याला दटावणार होते, पण तूच खाली बसलीस. मग त्याला काय झालं देव जाणे. असा आवाज त्यानं कधी काढला नव्हता, कुत्र्याचा नव्हेच तो. जमीन ओली केली, तुझी ओढाओढ केली. त्या दारात उभ्या होत्या. तू त्यांना म्हणालीस, "यानं वजन चांगलं धरलंय," आणि त्या म्हणाल्या, "काकू लाड करतात." दोघी किती शहाण्यासारख्या वागलात. मीच वेड्यासारखी चहात मीठ टाकून बसले.

तुम्ही गेल्यावर त्या न्हाणीघरात गेल्या आणि बराच वेळ नळ सोडून ठेवला. हा म्हणाला, "कुत्राच तर होता, आई." मग उठला, त्याचं वाडगं घासलं आणि पुन्हा जागच्या जागी ठेवून दिलं.

मला मात्र राहून राहून एक गोष्ट खुपते. ठोंब्या उडी मारून गाडीत चढला. खिडकीतून पुढे बघत बसला, जीभ बाहेर. एवढे महिने मी याला भरवलं, फिरवलं, माझ्या पांघरुणाचं टोक दिलं, आणि यानं एकदा मागे वळून बघितलं नाही. का? मी त्याची कुणीच नव्हते? की त्याला वाटलं, फिरायला निघालोय, संध्याकाळी घरी येऊ? तू तिथे त्याच्याजवळ आहेस, जमलं तर बघ आणि मला कळव. नाही कळलं तर राहू दे. दोन-दोन घरं त्यानं कशी धरावीत, मला माणूस असून जमत नाहीये.

पण तू बघितलंस. गाडीचं दार लावण्याआधी तू वळून बघितलंस, आणि गाडी कोपऱ्यावर वळताना पुन्हा एकदा. मी खिडकीच्या आत होते, तुला दिसले नसेन.

आता दुपारी मशीनखाली पाय गार पडतात. काळ्या पँटा स्वच्छ निघतात, गिऱ्हाईक खूश आहे. आणि एक अडचण झालीय. इतके दिवस तुला लिहायला ठोंब्या होता. तो काय खातो, कुठे झोपतो, कुणावर भुंकला, चार पानं भरायची. तूही त्याचंच विचारायचीस. आता तो तुझ्याकडे. यापुढे पत्र लिहायचं तर मला माझंच लिहावं लागेल, आणि तुला माझंच विचारावं लागेल. तुझी इच्छा असेल तर. नसेल तरी मी समजून घेईन, असं लिहिणार होते. पण ते नाही जमायचं मला.

उत्तराची वाट बघणारी,
आता कुठल्याच कागदावर तुझी कुणी नसलेली,

आई