विहिरीचा ठराव आणि माझा उजवा हात

मु. खैरगव्हाण, ता. शिरूर
गुरुवार, चैत्र, सन १९६३

तीर्थरूप मामांना,

जावई जयसिंग याचा दोन्ही हात जोडून नमस्कार. (त्यातल्या उजव्या हाताविषयी पुढे सविस्तर लिहितो.) तुमचा दमा कसा आहे? मामींचा गुडघा शेकणं चालू आहे ना? खुटबावची हवा कोरडी, ती दोघांनाही मानवेल. साखरबाई तिकडे सुखरूप पोहोचली असेलच. शिरूर स्टँडवर दौंडच्या गाडीत बसताना ती माझ्याशी एक अक्षर बोलली नाही, त्यामुळे मला नक्की कळायला मार्ग नाही. इकडे मी खुशाल आहे. भाकरी तेवढी कडेनं जळते आणि मधे कच्ची राहते. यंदाच्या ज्वारीतच काहीतरी दोष असावा.

घडलं ते तिनं तिच्या बाजूनं सांगितलं असेल. ती खोटं बोलत नाही, पण थोडक्यात बोलते, आणि ही हकिकत थोडक्यात सांगितली की मी त्यात फार वाईट दिसतो. म्हणून मी जरा लांबवून लिहितो. चहा घेऊन बसा.

आमच्या ग्रामपंचायतीत मेंबर सात. तिघं वरच्या आळीचे, म्हणजे सरपंच भिमाजीअप्पा आणि त्यांची दोन माणसं. तिघं खालच्या आळीचे, म्हणजे मच्छिंद्र आणि त्याची दोन. सातवा मी. मला दोन्ही आळ्यांनी आपलाच माणूस समजून निवडून दिलं, आणि तेव्हापासून दोन्ही आळ्या मला फितूर समजतात. (मेंबर झालो तेव्हा तुम्ही पेढे वाटले होते, ती घाईच झाली.) आता, नदीवरच्या धरणात ज्यांचं गाव बुडालं ती माणसं गेल्या वर्षापासून आमच्या गायरानात पालं ठोकून राहिली आहेत. सरकारनं त्यांना जमीन कबूल केली आहे. ती कागदावर निघाली आहे म्हणतात, गायरानापर्यंत अजून पोहोचलेली नाही. भिमाजीअप्पा म्हणतात, माणसंच आहेत, राहू द्या, पाणी भरू द्या. ही माणसं अप्पांचा कांदा निम्म्या मजुरीत काढतात, त्यामुळे कांद्याच्या हंगामात अप्पांना माणुसकीचा फार उमाळा येतो. मच्छिंद्र म्हणतो, आज विहिरीवर आले, उद्या मतदारयादीत येतील. यादीत आले की मत अप्पांना देतील, या विचारानं त्याला जेवण जात नाही.

फाल्गुनात पंचायतीचं अंदाजपत्रक मंजुरीला आलं. मच्छिंद्र म्हणाला, आधी बाहेरच्यांचं पाणी बंद करा, मग अंदाजपत्रक. अप्पा म्हणाले, आधी अंदाजपत्रक, मग बघू. मी म्हणालो, चहा घेऊ. सभा उधळली. अप्पांनी रागानं पंचायतीच्या दाराला कुलूप घातलं. मच्छिंद्रनं त्याच कडीला आपलं दुसरं कुलूप घातलं. आता दोघं एका वेळी आल्याशिवाय दार उघडेना, आणि दोघं तर एकमेकांकडे बघायलाही तयार नाहीत. ग्रामसेवक बिचारा लिंबाखाली बसून कारभार बघायला लागला. (त्याचा जेवणाचा डबा आतच राहिला. पुढे पुढे त्या दाराजवळून जाताना नाकाला रुमाल लावावा लागे.)

अंदाजपत्रक नाही म्हणून पगार नाही, दिव्यांना रॉकेल नाही, विहिरीवरच्या इंजिनाला तेल नाही. इंजिन चालवणारा सिद्दीक रोज सकाळी यायचा, इंजिन पुसायचा आणि घरी जायचा. गावातल्या बायका नदीच्या वाळवंटात झिरे उकरून वाटीवाटीनं पाणी भरू लागल्या. साखरबाईच्या तळव्यांना भेगा पडल्या. तरी दोन्ही आळ्या हटेनात. पोरं कुऱ्हाडीचे दांडे घेऊन विहिरीच्या दोन बाजूंना बसायला लागली. माझ्या दारावरून जाताना दोन्हीकडची पोरं खाकरून जायची, आणि खाकरण्यावरून पक्ष ओळखू येण्याइतका मी तयार झालो होतो. खरं सांगतो मामा, मला भीती वाटत होती. एखादं डोकं फुटलं असतं तर ते सातव्या मेंबराचंच फुटलं असतं.

शेवटी गेल्या पंधरवड्यात चावडीच्या ओट्यावर सभा बसली. मी विचार केला, काहीही होवो, इंजिन सुरू झालं पाहिजे, बायकांचे हाल थांबले पाहिजेत. म्हणून मी मच्छिंद्रच्या ठरावाला हात वर केला. (हाच तो उजवा हात.) मच्छिंद्रला नुसतं ‘धरणवाल्यांना मनाई’ असं लिहायचं होतं. ग्रामसेवक म्हणाला, असं एकाच लोकांचं नाव घातलं तर तालुक्याहून ठराव परत येतो, सगळ्यांना सारखं लागू पडेल असं लिहा. मग लिहिलं की ‘ज्या इसमाचा जन्म या गावच्या शिवेत झालेला नाही, त्याने पंचायतीच्या विहिरीवर पाणी भरू नये.’ लागलीच अंदाजपत्रकही मंजूर झालं, तेल आलं, तिन्हीसांजेला दवंडी फिरली आणि मी बऱ्याच दिवसांनी गाढ झोपलो.

सकाळी सिद्दीकनं इंजिन सुरू केलं. हौद भरून वाहायला लागला. पण हौदावर कोणी येईना. मग एकदम सगळ्या बायका आल्या, आणि प्रत्येकीनं आपली घागर हौदाच्या भिंतीशी पालथी घातली. सगळ्यांत पुढे कोण, तर मच्छिंद्रची आई विठाबाई. म्हणाली, “माजा जलम दौंडाकडचा. परकर सुटला तवा ह्या गावात आले. दवंडीपरमानं मी बी भाईरची. आता भाईरच्यांनी भाईरच्यांत ऱ्हावं.” असं म्हणून म्हातारी गाठोडं घेऊन थेट गायरानात धरणवाल्यांच्या पालात जाऊन बसली.

मामा, तुम्ही मला हसाल. आम्ही सात शहाणे, सातही जणांची लग्नं झालेली. आमच्या गावात गावातली पोर करत नाहीत, भावकी पडते. म्हणजे गावातली एकूण एक चूल बाहेरगावच्या बाईनं पेटते, आणि पाणी भरतात त्या बायकाच. हे सातांतल्या एकाच्याही ध्यानात आलं नाही. दुपारपर्यंत अर्ध्या बायका माहेरच्या वाटेला लागल्या, उरलेल्यांनी घागरीला हात लावला नाही. कंडक्टरनं विचारलं म्हणे, कुठली जत्रा आहे? निघताना साखरबाईनं मला एकच विचारलं, “हात वर केला तवा माजा जलम कुठला ते आठवलं न्हाई का?” मी म्हणालो, “अगं, ते तुज्यासाठी न्हाई.” हे उत्तर चुकलं, हे मला स्टँडवर गाडी हलल्यावर कळलं.

पाणी भरायला राहिली ती रोशनबी. सिद्दीकची बायको, आणि त्याची चुलत बहीणच. इथेच जन्मली, इथेच नांदते. ठरावाप्रमाणे गावात पाणी भरायचा हक्क असलेली ती एकटी सासुरवाशीण. आम्ही पुरुष हक्कदार होतो, पण घागर डोक्यावर घ्यायची कोणी? मी सायकलला दोन घागरी बांधून आणायला गेलो, त्या चावडीसमोर सायकलसकट सांडल्या. दोन्ही आळ्या एकदम हसल्या. (फाल्गुनापासून त्यांनी एकत्र केलेलं हे पहिलं काम.) त्यानंतर बडे बडे बागायतदार रिकाम्या कळशा घेऊन रोशनबीपुढे रांगेला लागले. पण ती पहिली घागर भरून निघाली ती सरळ गायरानाकडे. म्हणाली, “त्यांनी भरू नये असं हाय न्हवं? मी भरते. त्ये नुस्तं पितील.”

मच्छिंद्रच्या बाजूच्या एका पोरानं तिच्या वाटेत दांडा आडवा धरला. इंजिन बंद झालं. सिद्दीक हातात पाना घेऊन खाली उतरला. वरच्या आळीची पोरं उठली, खालच्या आळीची आधीच उभी होती. पालातली माणसं लांबून बघत होती, त्यांतलं कोणी पुढे येईना, मागेही जाईना. मामा, एवढी शांतता मी गावात कधी ऐकलेली नाही. एक दगड पडला असता तरी संपलं होतं. तेवढ्यात पालातून विठाबाई चालत आली. दांडेवाल्या पोराकडे बघितलंही नाही. रोशनबीची घागर वाकवून ओंजळीनं पाणी प्यायली, तोंड पुसलं आणि घागर आपल्या डोक्यावर घेऊन परत पालाकडे चालू लागली. मच्छिंद्र रांगेत उभा होता, त्याच्या हातात आईचीच कळशी होती. त्या पोरानं दांडा खाली केला. पण ठराव जागच्या जागी राहिला.

म्हणून काल बुधवारी पुन्हा सभा भरली. मच्छिंद्र माझ्याकडे टक लावून बघत होता. मी उभा राहिलो, दोन शब्द खणखणीत बोललो आणि उजवा हात वर केला, कानापर्यंत नाही, पार वर. चार विरुद्ध तीन. ठराव रद्द. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तेव्हा आता साखरबाईला पाठवून देण्यास काही हरकत दिसत नाही. मामींना नमस्कार, धाकट्यांना गोड पापा.

भाकरी करपवून तुमची वाट बघणारा,
जयसिंग

ता.क. ज्वारीत काही दोष नाही. रोशनबीनं त्याच पिठाची भाकरी करून दाखवली.

ता.क. दुसरा. मी बायकांच्या हालासाठी हात वर केला असं वर लिहिलं, ते पुरतं खरं नाही. माझ्या मळ्याची गाडीवाट मच्छिंद्रच्या रानातून दौंडच्या सडकेला लागते. ठरावाच्या सभेच्या आदल्या दिवशी त्यानं सडकेलगत वाटेच्या कडेला बोरीच्या काट्या रचून ठेवल्या, आडव्या टाकल्या की वाट बंद. बोलला काहीच नाही, राम राम मात्र केला. त्या काट्या अजून तिथेच आहेत.

ता.क. तिसरा. मामा, सभा काल झालेली नाही. ती उद्या, शुक्रवारी संध्याकाळी आहे. आधी लिहून टाकलं, कारण पत्र एकदा पेटीत पडलं की मला परत काढता येत नाही, आणि उद्या हात वर उचलताना तेवढा आधार मला लागणार आहे. तेव्हा माझ्या शब्दावर तिला पाठवू नका. शनिवारी शिरूरकडून येणाऱ्या गाडीच्या कंडक्टरला विचारा. काट्या वाटेवर पडल्या असं तो म्हणाला, तर मी हात वर केला असं समजा, आणि मग ती म्हणेल तसं करा. वरचं लांबलचक तुमच्यासाठी आहे. तिला फक्त हे ता.क. वाचून दाखवा.