आत्या गेली तेव्हा मी कुठे होते?

प्रिय ताई,

काल फोनवर तू विचारलंस, आवाज असा का येतोय, तर मी सर्दीवर ढकललं. सर्दीबिर्दी काही नाही. मी फोन घेतला की आमचे हे बाजूला खुर्ची ओढून बसतात आणि माझ्या बोलण्यात दुरुस्त्या सुचवतात. म्हणून कागद घेतला.

घरचं तसं ठीक आहे. मुंगी चार वर्षांची झाली. तिचे आईबाप पुलाच्या कामावर डोंगरात गेले तेव्हा ती धड बोलतही नव्हती. तिकडे पत्र्याच्या खोल्यांत एवढंसं पोर नेणार कुठे, म्हणून मीच म्हटलं, राहू दे इथे. तेव्हापासून सकाळ म्हणजे लढाई. एका पायात मोजा चढवावा तोवर दुसऱ्या पायातला काढलेला असतो. यांनी जन्मभर लोकांना चष्मे विकले, आणि आता यांचा चष्मा मुंगीच्या बाहुलीच्या नाकावर. हे घरभर चाचपडतात, मी मुद्दाम सांगत नाही. तेवढीच करमणूक.

मध्यंतरी ती मला ‘आजी’ म्हणेनाशी झाली. ‘आई’ म्हणायला लागली. पहिल्यांदा मी ‘अगं, आजी’ म्हटलं, दुसऱ्यांदाही म्हटलं. मग ऐकलं न ऐकलंसं करू लागले. ताई, ते ऐकून बरं वाटायचं, आणि बरं वाटलं म्हणून दिवसभर स्वतःचाच राग यायचा.

तेव्हापासून सारखी आत्या डोळ्यांसमोर येते. आपली आई छातीच्या आजाराने रुग्णालयात होती तेव्हा सांभाळायला आलेली. सकाळी आपल्याला आवरून ती एका दवाखान्यात औषधं द्यायच्या नोकरीवर जायची, परत आली की तिच्या बाह्यांना स्पिरिटचा वास यायचा. अजून कुठे तो वास आला की मी थबकते. मी तिलाच आई म्हणायचे ना? की हे माझ्या मनाचे खेळ? आई घरी आली तो दिवस मात्र स्वच्छ आठवतो. दारात एक वाळलेली, केस कापलेली बाई उभी होती आणि मी आत्याच्या मागे लपून विचारलं, ‘ही बाई कोण?’ सगळे हसले. आईसुद्धा हसली. इतक्या वर्षांनी मला आता कळतं, ती कशी हसली असेल.

त्यानंतर आत्या गेली. पण कशी? कधी वाटतं, मी दुपारची झोपले होते आणि उठले तर तिची पिशवी नव्हती. कधी दिसतं, जिन्यात उकिडवी बसून ती माझ्या फ्रॉकची बटणं लावतेय आणि एकच बटण पुन्हा पुन्हा लावतेय. दोन्ही तर खरं असू शकत नाही. पुढे ती लग्नकार्यांत भेटायची ती पाहुणीसारखी, खुर्चीच्या टोकावर बसायची आणि आईला म्हणायची, ‘तुझी धाकटी उंच झाली हं.’ तुझी!

मागच्या आठवड्यात पूल पुरा झाला. मुलगा-सून परत आलेत, आमच्याच घरात, कायमचे. मुंगी बापाच्या खांद्यावर बसते, पण आईकडे जात नाही. परवा अंगणात आपटली, गुडघा फुटला. सून हात पसरून धावली, तर ही तिच्या बाजूने निसटून माझ्याकडे. नंतर भांडी विसळताना सून हळूच म्हणाली, ‘आई, दुपारी तिला झोपवताना तुम्ही काय करता? मला शिकवाल?’ तीही मला आईच म्हणते. आमच्या घरात या एका शब्दाचा नुसता घोळ झालाय. मी सगळं सांगितलं. कपाळावर भुवयांमधून बोट फिरवायचं, वगैरे. तिने दार लावलं आणि आत मुंगीने माझ्या नावाने टाहो फोडला. मी बाहेर कडीला हात लावून उभी. उघडू की नको? हे म्हणाले, ‘तू इथे आहेस तोवर ती रडणारच.’ इतकी वर्षं मी यांच्या दुरुस्त्या खोडून काढत आले. ही खोडता येईना.

तर ताई, महिना दोन महिने तुझ्याकडे येऊन राहू का? कारण विचारलं तर तुझं गुडघ्याचं दुखणं सांगेन. मुंगीला सांगून निघू, की ती झोपली असताना, ते ठरत नाही. तू तेव्हा दहा वर्षांची होतीस, माझ्याच अंथरुणात झोपायचीस. तुला ठाऊक असेल. आत्या आपणहून गेली की कुणी सुचवलं? आणि मी किती दिवस रडले? थोडेच असतील तर लगेच येते. खूप असतील तर यावं की नाही, खरंच कळत नाही गं. आणि मी अजिबात रडलेच नसेन, तर ते मात्र मला कळवू नकोस. नुसतं ‘ये’ म्हण.

तुझंच,
शेंडेफळ