दुपारी तीनची खरखर

मु. बोरढव, ता. केज, जि. बीड
गुरुवार, १४ मार्च २०१९

चि. संघमित्रा हिस,

मामाचा जयभीम आणि अनेक आशीर्वाद. ताजी बातमी आधी, खुशाली मागून (तालुक्याच्या बातम्या पाठवण्यात जन्म गेला, हाताला तेच वळण). दिवाळीत तू गच्चीवर अँटेना लावून पकडलेली दुपारी तीनची खरखर परवा मंगळवारी पुन्हा झाली. ती अध्यक्ष बद्रीनाथरावांच्या शिवाराकडून येते, असं लाईनमन म्हाळू यांनी खात्रीपूर्वक सांगितलं आहे. आता तुझी तब्येत कशी आहे? पुण्याच्या खाणावळीतली भाजी अजून पांचटच असते का? तुझी आई बरी आहे. टँकरच्या वेळा तिला तोंडपाठ झाल्यात. मामी माझ्यावर रागावलेली आहे, म्हणजे तीही ठणठणीत.

तू गेल्यावर इथं काय झालं ते कळवायला हवं, कारण सुरुवात तुझ्यापासून झाली (दोष देत नाही). विद्यार्थ्यांच्या छोट्या रेडिओ दुर्बिणीसाठी शांत जागा शोधत तू आलीस. आठ दिवस मोजमाप केलंस आणि आमच्या पाणीवापर सहकारी संस्थेच्या कचेरीत सांगितलंस, की विजेच्या खरखरीच्या बाबतीत इतकं शांत गाव तू पाहिलं नाहीस. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुष्काळाबद्दल गावाला मिळालेलं ते पहिलंच प्रमाणपत्र. शांत असणारच ना! ओढ्याकाठची सामाईक विहीर तेवढी जिवंत, टँकर आला तरी सगळं गाव तीच पितं, म्हणून दसऱ्यानंतर संस्थेनं ठराव केला की पाऊस पडेपर्यंत शिवारातली एकही मोटार चालू करायची नाही. जो करील त्याचं सभासदत्व जाईल, पदाधिकारी असेल तर पदही. (ठराव सचिव या नात्यानं मी लिहिला. ‘कोणत्याही कारणास्तव’ हे शब्द खास माझे.) मग तू सरळ मनानं पुढं म्हणालीस, की फक्त रोज दुपारी तीनला चाळीस मिनिटं, कुठल्या तरी जुन्या स्टार्टरमध्ये ठिणग्या उडाव्यात तशी खरखर येते. टाळ्या थांबल्या.

विषय बदलावा म्हणून तू क्वासारांचं, म्हणजे फार लांबच्या झळाळत्या गाभ्याच्या आकाशगंगांचं, सांगू लागलीस, आणि मला कचेरीच्या छपराचे पत्रे कोणी अलगद उचलून नेल्यासारखं वाटलं. पृथ्वी जन्मायच्याही आधी निघालेला उजेड आत्ता आपल्यापर्यंत पोचतोय, हे ऐकून मी बराच वेळ खिडकीतल्या उन्हाकडं बघत बसलो. तू सांगितलंस, की तसल्या आकाशगंगेच्या मध्यावर एक अगडबंब खादाड कृष्णविवर बसलेलं असतं, त्यात पडणारा माल पडता पडता तापतो आणि असा झळाळतो, की बाकीचे सगळे तारे त्यापुढं फिके. मात्र बहुतेक क्वासारांमधून जी मंद रेडिओ खरखर येते ती नेमकी कुणाची, याचा निकाल अजून लागलेला नाही. मधल्या खादाडाच्या तोंडाशी होणारी असेल, नाहीतर भोवताली तारे जन्मतात-मरतात त्या गडबडीची. विद्वान अजून वाद घालताहेत म्हणालीस. आमच्याकडं वाद दोन मिनिटांत मिटला. मधल्याचंच काम, असं सर्वांचं मत पडलं आणि सगळ्यांनी खुर्चीत मावतील तेवढे बसलेल्या बद्रीनाथरावांकडं पाहिलं. एकट्या सुभद्राबाई (पाच लेकरांची आई) म्हणाल्या, “जिथं लेकरं लई, तिथं गलका लई. मधल्यालाच कामून धरता?” पण त्यांचं इतिवृत्तात आलं नाही.

चौकशी समिती नेमली गेली: बद्रीनाथराव, म्हाळू आणि मी. म्हाळूची युक्ती अशी, की जुना ट्रांझिस्टर कुठलंही स्टेशन नसलेल्या जागी लावून गोल फिरवायचा, म्हणजे खरखरीची दिशा कळते. ठराव-कागद होता होता मार्च उजाडला, मग अकरा दिवस आम्ही तिघं तीनच्या सुमाराला बांधावर बसलो. ट्रांझिस्टरमधून नुसती सूं ऐकू येई. समोर उन्हात शिवार पाण्यासारखं हलत असे, बद्रीनाथराव टोपी डोळ्यांवर ओढून पेंगत, आणि मला वाटे ही सूं त्या क्वासारांचीच असेल, एवढ्या लांबून आली म्हणून थकलेली. (नसेल. तू हसू नकोस.) खरखर काही झाली नाही. मंगळवारी माझा गुडघा दुखत होता म्हणून मी गेलो नाही, बद्रीनाथरावही टँकरच्या कामाला केजच्या तहसीलमध्ये गेलते, आणि नेमकी त्याच दिवशी तीन वाजून चार मिनिटांनी खरखर झाली.

समिती बसली की बंद, समिती उठली की चालू. तेव्हा करणारा समितीतलाच, हे लोकांनी लगेच ताडलं. म्हाळूच्या हातात ट्रांझिस्टर, मी पडलो ठरावाचा लेखक, उरलं कोण? अध्यक्ष केजला होते म्हटलं तर लोक म्हणाले, असतील, गडी तर इथंच हाय. (माझा तुकडा त्यांच्या पलीकडं त्याच दिशेला आहे, पण माझी विहीर ऑगस्टातच आटल्याचं गावानं वाकून पाहिलेलं.) आता रविवारी दहा वाजता विशेष सभा आहे. विषय एकच: अध्यक्षांना पदावरून काढणे. मागच्या दुष्काळात याच माणसानं स्वतःचं बोअर गावाला मोकळं करून दिलं होतं. काल तो माझ्या ओट्यावर येऊन बसला. लिंबागणेशला चल, गणपतीच्या पायावर हात ठेवून सांगतो, असं म्हणाला. मग चहाचा कप बाजूला सारून म्हणाला, “भारत, तुला तरी पटतंय का बे? मी काय गावचं पाणी चोरीन?”

पुरावा बघू, असं मी म्हणालो. चहा तसाच ठेवून तो गेला.

इथं थांबतो. अभ्यास सांभाळून राहा, उन्हात डोक्याला रुमाल बांध.

तुझा मामा,
भारत

ता. क. खरं काम सांगायचं राहिलं. क्वासार मोजताना माणसांची खरखर तुम्ही आकड्यांतून काढून टाकता, असं तू म्हणाली होतीस. बोरढवच्या आकड्यांतली तीनची तेवढी काढता येईल का? तसं सुधारित पत्र शनिवारपर्यंत आलं तर बरं.

दुसरा ता. क. वरचं सगळं वाचून पाहिलं. बातमीत मुख्य गोष्टच नाही. मोटार माझी आहे. पाण्याचा थेंब घेतलेला नाही. पंपाचा पट्टा काढून ठेवलाय, ती नुसतीच फिरते. तीस वर्षं दुपारी लिंबाखाली तिच्या आवाजावर निजत आलो (विहीर जिवंत होती तोवर बद्रीनाथही कधीमधी शेजारी येऊन पसरे). विहीर आटली ते सोसलं, पण तीनच्या सुमाराला शिवार एवढं गप्प होऊ लागलं, की स्वतःचा श्वासही परक्याचा वाटे. मग एकदा बटण दाबलं. डोळे मिटले की पाटातून पाणी निघतं, कांद्याच्या वाफ्यात शिरतं, कोपऱ्याला वळतं, आणि मला पुढचं काही आठवत नाही. पाणी चोरलं असतं तर सांगायला सोपं गेलं असतं. चोर लोकांना कळतो. रिकाम्या मोटारीशेजारी निजणाऱ्या सचिवाला काय म्हणायचं, ते माझ्याच ठरावात नाही. मामीला ठाऊक आहे, म्हणून ती रागावलेली.

तिसरा ता. क. पहिला ता. क. रद्द समज. आकडे आहेत तसे राहू दे. रविवारी विषय पुकारायच्या आधी मी उठणार आहे. सभासदत्व जाईल, सचिवपद जाईल, आणि ते इतिवृत्तात मलाच लिहावं लागेल. बद्रीनाथ शिव्या देईल, बहुधा आमच्या आजोबांपासून सुरुवात करील. बाराच्या सुमाराला लोक पांगतील. तो मात्र मागं रेंगाळेल, इकडंतिकडं बघेल, आणि माझा अंदाज आहे की हळूच विचारील, आज कितीला चालू करणार.