कॉयरमधला पुढचा माईक

१२ ऑक्टोबर, रविवार

उपासनेनंतर पाळकसाहेबांनी जाहीर केलं. टीव्हीवर नाताळासाठी चर्चच्या कॉयरांची, म्हणजे गाणाऱ्या मंडळांची स्पर्धा आहे, ‘कॉयर-संग्राम’. ऑडिशनला आपल्याला बोलावलंय. टाळ्या पडल्या. लोक माझ्याकडं बघत होते. साहजिक आहे.

सायकलला एक भोंगा बांधून धंदा सुरू केला, आज ‘कारभारी साउंड’चे तीन टेम्पो उस्मानपुऱ्यात उभे असतात. शिक्षण नववी. पण कान! मंडपात कोणता बॉक्स घरघरतोय ते मी रस्त्यावरून सांगतो. असला कान असलेला माणूस गात कसा असेल, ते लिहायची गरज नाय.

अडचण एकच, कॉयरमधली सरूमावशी. आवाज म्हणजे जात्यात खडा. पेटी सुरू व्हायच्या आत आपल्याच पट्टीत गीत उचलते आणि सगळ्यांना मागं फरफटत नेते. तीन वर्षांपूर्वी इलाज केला. तिला डमी माईक. वायर मिक्सरपर्यंत जाते, आत जोडलेली नसते. धंद्यातली जुनी युक्ती. लग्नात नवरदेवाच्या मामाला गायची हौस आली की हाच माईक देतो. संघपालला, म्हणजे माझ्या ऑपरेटरला, तशी जोडणी करायला सांगितली. कुणाला वाईट वाटत नाही. वर दर रविवारी मी म्हणतो, मावशी, आज लई गोड लागला आवाज. लहान पोरीसारखी खुलते.

तरी तिचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जातोच. विनामाईक! काय घसा म्हणावा. माझा आवाज उलट इतका नैसर्गिक, की माईकमधून येतोय असं वाटतच नाय.

१५ ऑक्टोबर

निश्चय: सोलो मीच गाणार. थंड पाणी बंद, लोणचं बंद, पहाटे रियाज.

दीपमाला, म्हणजे आमची मंडळी, कॉयरच्या दुसऱ्या रांगेत असते. म्हणाली, अहो, तुम्ही सिस्टीम बघा, गाण्याचं आम्ही बघतो. माझ्यावर किती भार पडतो याची तिला काळजी.

१६ ऑक्टोबर

रियाज उद्यापासून. शेजारी नाईट शिफ्ट करून वाळूजहून येतात, त्यांची झोप मोडायला नको.

१९ ऑक्टोबर

प्रॅक्टिस. गीत चार वेळा थांबलं. चारही वेळा माझीच ओळ चालू होती, म्हणजे बाकीचे नेमके माझ्याच ओळीला बेसूर होतात. पेटीवाल्या सोमनाथनं पट्टी खाली घेतली, वर घेतली, शेवटी हात बाजूला ठेवून म्हणाला, कारभारीभाऊ, तुम्ही हाय तरी कुठं? त्याच्या पेटीला दमट हवा लागलीय.

रात्री लोणचं. थोडंच.

१ नोव्हेंबर

ऑडिशन, जालना रोडवरच्या हॉटेलात. नवीन ब्लेझर घातला. चॅनलच्या पोरीनं बजावलं, दीड मिनिट मिळंल, घंटी वाजली की थांबायचं.

आता आमच्यात प्रार्थनेशिवाय तोंड उघडत नाहीत. मी म्हटलं, मनातल्या मनात करा. पण मावशीनं डोळे मिटले आणि मोठ्यानं सुरू केलं. हॉटेलवाल्यासाठी, कॅमेरावाल्याच्या म्हाताऱ्या आईसाठी (असेलच कुठंतरी), त्या घंटीवाल्या पोरीचं लग्न जमावं म्हणून. घंटी वाजली. प्रार्थना चालूच. मी घामानं भिजलो.

आमेन म्हणाली आणि त्याच श्वासात, पेटी नाय की तबला नाय, गीत उचललं. पुन्हा घंटी वाजवायचं त्या पोरीला भानच राहिलं नाय. कॅमेरावाला डोळे पुसत होता.

निवड झाली. माझ्या सोलोची पाळी आलीच नाही. पण ब्लेझर त्यांच्या लक्षात आला असणार.

१३ नोव्हेंबर, मुंबई

शूटिंग. सोलो मावशीला! टीव्हीवाल्यांना म्हाताऱ्या लागतात, रडवायला. मी डायरेक्टरशी वाद घातला. तीन टेम्पोंचा मालक आहे हेही सांगितलं. शेवटी मला पुढच्या रांगेत, मावशीच्या शेजारी उभं केलं. हातात सोनेरी माईक. माणसाला पारखायला वेळ लागतो.

त्याआधी दीपमाला तिथल्या साउंडवाल्याशी बराच वेळ हळू आवाजात बोलत होती. माझा अनुभव सांगत असणार. त्यानं लांबून मला अंगठा दाखवला. मीही दाखवला. धंदेवाला धंदेवाल्याला ओळखतो.

माईकचा दिवा लागत नव्हता. नवं टेक्निक असंल.

जीव ओतून गायलो.

१४ डिसेंबर, रविवार

आज टीव्हीवर आमचा भाग लागणार, म्हणून चर्चच्या हॉलमध्ये मोठा पडदा लावला. माझाच पडदा, माझेच बॉक्स. पैसे घेतले नाहीत. अख्खी मंडळी जमली.

मावशीचा आवाज आला. मागून दीपमाला. पेटीच्या भात्याचा श्वाससुद्धा ऐकू आला. तिसऱ्या रांगेत कुणी खोकलं, तेही.

मी पडद्यावर तोंड उघडून उभा. हात वर, डोळे मिटलेले. आवाज नाय.

व्हॉल्यूम वाढवला. सगळे वाढले. मी नाय.

आमचा कॉयर फायनलला गेला. लोक एकमेकांच्या गळ्यात पडून रडत होते. कुणी म्हणालं, कधी नव्हे इतके आपण सुरात होतो. माझ्याही गळ्यात पडले.

१५ डिसेंबर

चर्चमध्ये कुणी नसताना मिक्सरमागचा जोडणीचा डबा उघडला. मावशीची वायर बरोबर जागेवर जोडलेली. माझी वायर आत येते आणि वेटोळं करून पडते. त्यावर जाळं धरलंय. ताजं नव्हे.

संघपालला बोलावलं. आधी उंदीर म्हणाला. मग म्हणाला, शेठ, वहिनींनी सांगितलं व्हतं, तुमचा आन् मावशीचा माईक बदलून टाक. तीन वर्सांपूर्वी, पहिल्याच रविवारी. शेठना कळू देऊ नको, बिचाऱ्यांना वाईट वाटंल.

त्याचा पगार मी देतो.

घरी दीपमालाला विचारलं. मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, अहो, देवानं तुम्हाला गळा सोडून सगळं दिलंय. आणि युक्ती तुमचीच ना?

चर्चमध्ये आणखी कुणाला माहीत आहे, विचारलं. तिनं मेथीची दुसरी जुडी घेतली.

२० डिसेंबर

पाळकसाहेबांना सांगितलं, फायनलला येणं जमायचं नाय, लग्नाचे बुकिंग आहेत. त्यांनी आधी ‘देवाची स्तुती असो’ म्हटलं, ‘अरेरे’ नंतर.

निश्चय: गाणं कायमचं बंद. फक्त सिस्टीम बघायची.

२५ डिसेंबर

नाताळची उपासना. लवकर गेलो. माझी वायर जोडायला एक मिनिट लागलं असतं. पिन हातात होती. डब्याचं झाकण लावून टाकलं.

सगळे उभे राहिले. स्टँडवर माझा माईक होता, नेहमीच्या जागी. संघपाल खाली बघत होता. मी माईक उचलला. पोटभर गायलो.

उपासना झाल्यावर सरूमावशी मुद्दाम जवळ आली. माझा हात हातात घेऊन म्हणाली, कारभारी, आज लई गोड लागला रे आवाज.

मी खुललो. ती दर रविवारी खुलायची, तसाच.